चौतीस इंची कर्ण

हौशी : माझं ठरलं आहे. ३४ इंची अल्ट्रावाइड घेतोय, २१:९चा. दोन वर्षं झाली, २७ इंची १६:९ मॉनिटरवर सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि मी त्या निमूट सोसतो. हिशेब करून बघितला. स्कोप सिनेमाची चौकट साधारण २.३९ला १. ती १६:९च्या पडद्यावर रुंदीला पुरती बसवली की उंचीचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. फुल एचडीच्या १०८० ओळींपैकी जेमतेम ८०० ओळींत चित्र. वर १४० आणि खाली १४० नुसत्या काळ्या. काचेचे पैसे मी पुरते मोजलेत, मग पाव काच कायम अंधारात का? गेमची तर गोष्टच वेगळी. आत्ता गाडी पळवताना फक्त समोरचा रस्ता दिसतो. अल्ट्रावाइडवर शेजारून घासत येणारी गाडीही दिसेल.

शंकेखोर : आधी ते ३४ बाजूला ठेव. मॉनिटरचे इंच म्हणजे कर्णाची लांबी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. महाभारतातला कर्ण दानशूर होता. दुकानातला कर्ण सांगतो जास्त आणि देतो कमी. आकार जितका लांबट, तितकी त्याच कर्णात काच कमी. तुझा ३४ इंची भरतो ३१.४ इंच रुंद आणि १३.१ इंच उंच, म्हणजे सुमारे ४१२ चौरस इंच. १६:९चा ३२ इंची भरतो २७.९ बाय १५.७, म्हणजे ४३८च्या आसपास. नावाने लहान, पण काच त्याच्यातच जास्त. सरकारही याच कर्णाच्या भरवशावर होतं. जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढे २८. काच कमी आणि कर जास्त, असा अल्ट्रावाइडवाल्यांचा वनवास जवळजवळ सात वर्षं चालला. सप्टेंबर २०२५मध्ये मोठे मॉनिटरही १८ टक्क्यांत आले, तेव्हा कुठे सुटका झाली. आणि तुझ्या जुन्या २७ इंचीची उंची ठाऊक आहे का? १३.२ इंच. म्हणजे तू मोठा पडदा घेतच नाहीयेस. जुन्याच पडद्याला दोन्ही कडांना चार-चार इंचांची ठिगळं जोडतोयस.

हौशी : ठिगळं म्हण हवं तर, पण मला तीच हवीत. लहानपणी आमच्या गावच्या टॉकीजमध्ये आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा, चौकोनी. तो संपला की पडद्याच्या दोन्ही कडांचं काळं कापड कुरकुरत मागे सरायचं आणि पडदा रुंद व्हायचा. उंची तीच, रुंदी वाढलेली. पोरं ओरडायची, ‘स्कोप आहे रे!’ आणि शिट्ट्या सुरू. त्या कापडाच्या सरकण्यातच निम्मे पैसे वसूल व्हायचे. रुंदीचा जन्मच त्यासाठी झाला. टीव्ही घराघरांत शिरला तेव्हा त्याचा पडदा ४:३, आणि सिनेमाही तोवर जवळपास त्याच आकाराचा. मग घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं म्हणून १९५२मध्ये सिनेरामा आला, १९५३मध्ये ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप. आपल्याकडे पहिला स्कोप सिनेमा १९५९चा, ‘कागज के फूल’. गुरुदत्तने त्या रुंदीत गर्दी कोंबली नाही, एकटा माणूस उभा केला. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींचा तो उन्हाचा झोत, अंधारा स्टुडिओ, आणि दोन माणसांमधली रिकामी जागा. ती रिकामी जागाच त्या चित्राचा विषय आहे. ती मी हाताच्या वीतभर उंचीच्या पट्टीत बघायची?

शंकेखोर : तुझ्या टॉकीजमध्ये उंची पक्की होती, म्हणून स्कोप मोठा वाटायचा. हल्लीच्या कितीतरी मल्टिप्लेक्समध्ये उलट आहे. तिथे रुंदी पक्की असते, आणि स्कोप सिनेमा लागला की चित्र वरून-खालून आखडतं. तिकीट काढून, पॉपकॉर्नला लुटून घेऊन तू तिथेही पट्ट्याच बघतोस, फक्त अंधारात त्या लक्षात येत नाहीत. तेव्हा ‘थिएटरसारखं’ हा शब्द जपून वापर. कुठल्या थिएटरसारखं, ते आधी सांगायला हवं.

आणि १६:९ला तू जी नावं ठेवतोस, त्या आकाराची जन्मकथा ऐक. १९८०च्या दशकात एचडी टीव्हीचा आकार ठरवायचा होता. कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने तेव्हा चालू असलेल्या सगळ्या चौकटी कापून घेतल्या, १.३३पासून २.३५पर्यंत, सगळ्यांचं क्षेत्रफळ एकच ठेवून. त्या एकाच मध्यावर एकावर एक ठेवल्या. सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारा आयत निघाला १.७८चा, आणि सगळ्यांमध्ये सामाईक असलेला आतला आयतही १.७८चाच. १.३३ आणि २.३५चा गुणाकार करून वर्गमूळ काढ, तिथेच येशील. म्हणजे हा कुणाचाच लाडका आकार नव्हे. सगळ्यांचं थोडं थोडं नुकसान करतो, पण कुणालाही उपाशी ठेवत नाही. एकत्र कुटुंबातल्या आजीसारखा. तुझा २१:९ मात्र एकुलत्या एका लेकाचे लाड करतो आणि बाकीच्यांना परसात बसवतो.

हौशी : बाकीचे म्हणजे कोण?

शंकेखोर : मोजतो. ‘संत तुकाराम’, १९३६. ‘श्यामची आई’, १९५३. दोन्ही जुन्या चौकटीतले, १.३७ला १. तुझ्या पडद्यावर त्यांना रुंदीतला ५७ टक्के भाग मिळेल. दोन्ही कडांना जवळजवळ सात-सात इंच काळोख. सचिनची १९९८ची शारजाची वादळी खेळी, ४:३. दूरदर्शनची सगळी जुनी मालमत्ता, ४:३. आजचं सगळं क्रिकेट, १६:९. बातम्या, मालिका, यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ, १६:९. तुझ्या धाकट्या भावाचा प्लेस्टेशन ५, तोही १६:९च्या पलीकडे चित्र देत नाही. आणि तुझी ती रील्सची सवय? उभी रील त्या पडद्यावर दाराच्या फटीतून डोकावल्यासारखी दिसेल. स्कोपच्या पट्ट्या वर-खाली होत्या, त्या आता बाकी सगळ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला येतील. १६:९ला प्रमाण तेच, पाव काच. काळोखाने फक्त जागा बदलली.

हौशी : आता माझा हिशेब ऐक, तुझ्याच आकड्यांनी. १६:९ची मॅच अल्ट्रावाइडवर मध्ये बसली की ती २३.३ इंच रुंद आणि १३.१ उंच. माझ्या सध्याच्या २७ इंचीवर दिसते जवळजवळ तेवढीच. म्हणजे मॅचचं, बातम्यांचं, मालिकेचं माझं काडीचं नुकसान नाही. आणि स्कोप सिनेमा? २७ इंचीवर २३.५ बाय ९.८, म्हणजे २३० चौरस इंच. ३४ इंचीवर ४१२. पावणेदोन पटींहून जास्त. एका बाजूला तोटा शून्य, दुसऱ्या बाजूला पावणेदोन पट नफा. याला ठिगळ म्हणत असशील तर अशी ठिगळं मला रोज लाव.

शंकेखोर : वकील शोभशील. पण तू तुलना विकून टाकायच्या मॉनिटरशी करतोयस. करायला हवी ती त्याच पैशात येऊ शकणाऱ्या दुसऱ्याशी. ३२ इंची १६:९ समोर ठेव. त्याच्यावर मॅच ४३८ चौरस इंच, तुझ्यावर ३०६. स्कोप सिनेमा त्याच्यावर ३२६, तुझ्यावर ४१२. सिनेमात तू सव्वापट पुढे, मॅचमध्ये तो दीडपटीच्या जरा अलीकडे. आता निवड करायला आकार नको, डायरी हवी. गेल्या महिन्यात काय काय बघितलंस?

हौशी : ते नंतर सांगतो.

शंकेखोर : नंतरच सांग, कारण खरी मेख अजून पुढे आहे. तुझ्या डोक्यात चित्र असं आहे की २.३९चा सिनेमा आणि २.३९चा पडदा, म्हणजे झाकणाला डबा. पण सिनेमा घरी येतो तो डब्यात भरून, आणि डबा १६:९चा आहे. ब्लू-रे डिस्कवर चित्र कायम १९२० बाय १०८० किंवा ३८४० बाय २१६०. स्कोप सिनेमाच्या काळ्या पट्ट्या त्या चित्रातच रंगवलेल्या असतात. ऑनलाइन येणाऱ्या बऱ्याच सिनेमांचं आणि ट्रेलरचं तेच. अल्ट्रावाइड म्हणतो, ‘१६:९चं चित्र आलंय, डावी-उजवी बाजू मोकळी सोडा.’ चित्र म्हणतं, ‘माझ्या वर-खाली पट्ट्या आहेत.’ परिणाम? चारही बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाचं तिकीट. मी हे भोगलंय. मित्राकडच्या अल्ट्रावाइडवर एक इराणी सिनेमा लावला. तिकीट मोठं करायला झूम केलं, तर चित्र झकास भरलं आणि सबटायटल्स गायब. ती खालच्या काळ्या पट्टीत छापलेली होती. फारसी येत नसल्यामुळे आम्ही दोघांनी दोन तास चेहऱ्यांवरून अंदाज बांधले. नायिका रडत होती, एवढं कळलं.

हौशी : हा दोष डब्याचा, माझ्या पडद्याचा कसा? झूमचं बटण आहे, प्लेअरमध्ये सबटायटल्स वर सरकवता येतात.

शंकेखोर : वेगळ्या फाइलमधली असतील तरच सरकतात, छापलेली सरकत नाहीत. आणि ‘द डार्क नाइट’चं काय करशील? २००८चा. त्यातली काही दृश्यं आयमॅक्स कॅमेऱ्याने घेतलेली. ब्लू-रेवर बाकीचा सिनेमा २.४०मध्ये चालतो, आणि ती दृश्यं आली की पट्ट्या नाहीशा होऊन चित्र वर-खाली उघडतं, सगळी १६:९ची काच भरतं. तुझ्या टॉकीजच्या कापडासारखंच, पण उभ्या दिशेने. झूम केलंस तर नेमक्या त्या दृश्यांची डोकी आणि पाय उडतील. झूम केलं नाहीस तर बाकीचा सगळा सिनेमा तिकिटाएवढा. वेस अँडरसनने ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये तीन काळांसाठी तीन चौकटी वापरल्या. ‘शोले’ तर शूट झाला ३५ एमएमवर, चौकोनी चौकटीत, आणि ७० एमएमची प्रिंट काढताना वरचं-खालचं छाटून २.२ला १ केला. ज्या थिएटरांत ७० एमएमची सोय नव्हती, तिथे ३५ एमएमच्या प्रिंटा लागल्या. एकाच गब्बरच्या दोन चौकटी. आता मला सांग, सिनेमाचा खरा आकार कोणता?

हौशी : दिग्दर्शकाने ठरवला तो. आणि तू हे सगळं सांगून माझंच काम सोपं केलंस. सिनेमात चौकट दिग्दर्शकाची असते. कडेला काय ठेवायचं आणि काय कापायचं हा त्याचा निर्णय. मी फक्त ती न मोडता जितकी मोठी दाखवता येईल तितकी दाखवायची. गेममध्ये मात्र चौकटीबाहेरही जग आहे. मान वळवली की ते दिसतं, कारण ते आधीच बांधलेलं आहे. सिनेमाच्या कडेपलीकडे लाइटवाला उभा असतो, गेमच्या कडेपलीकडे झाडी असते. तिथे रुंद पडदा म्हणजे रुंद खिडकी. नीट बनवलेल्या गेममध्ये १६:९वर आडवा कोन ९० अंश असेल, तर उंची तीच ठेवून अल्ट्रावाइडवर तो जवळजवळ १०७ अंश होतो. फुकटचे १७ अंश. विमानाचे आणि रेसिंगचे गेम खेळणाऱ्यांना विचार, ते परत १६:९वर जातात का.

शंकेखोर : ‘नीट बनवलेल्या’ या दोन शब्दांत अख्खं पाणी मुरतंय. २०१६मध्ये ‘ओव्हरवॉच’ने अल्ट्रावाइडवर रुंदी वाढवली नाही. आडवा कोन तोच ठेवून वरचं-खालचं कापलं. जास्त पैसे देणाऱ्याला कमी दिसत होतं. ‘व्हॅलोरंट’मध्ये आडवा कोन १०३ अंशांवर बांधलेला, मॉनिटर कुठलाही आण. ‘एल्डन रिंग’ अल्ट्रावाइडच्या दोन्ही कडा काळ्या ठेवतो. आणि ‘काउंटर-स्ट्राइक’चे पट्टीचे खेळाडू काय करतात? १६:९चा मॉनिटर समोर असताना मुद्दाम ४:३ लावतात आणि ते ताणून पडदाभर पसरवतात. १०६ अंशांचे ९० होतात, कडेचं दिसत नाही, पण समोरचा शत्रू एक-तृतीयांशाने जाड दिसतो. ज्यांची भाकरी त्या खेळावर आहे, ते रुंदी विकून जाडी विकत घेतात!

तुझे फुकटचे १७ अंशही फुकट नाहीत. सपाट पडद्यावर काढलेलं जग कडेला ताणलं जातं. ९० अंशांच्या चित्रात अगदी कडेची वस्तू मध्यावरच्या दुप्पट रुंद होते. १०७ अंशांत २.८ पट. ३२:९चा तो चार फुटी राक्षस घेतलास तर १२७ अंश आणि पाचपट. शेजारून येणारी तुझी ती गाडी बसएवढी लांब दिसेल. ती नैसर्गिक दिसायला हवी असेल तर डोळे पडद्यापासून फूटभर अंतरावर न्यावे लागतील. वक्र पडद्यानेही हे सुटत नाही, कारण गेम चित्र काढतो ते पडदा सपाट आहे असं धरूनच. वर ग्राफिक्स कार्डाचं ओझं : २५६० बाय १४४०चे ३७ लाख पिक्सेल, ३४४० बाय १४४०चे साडेएकोणपन्नास. एक-तृतीयांश जास्त मजुरी, त्याच मजुराकडून.

हौशी : आणि तुझा ३२ इंची ४केचा घेतला तर तो त्या मजुराकडून ८३ लाखांची मजुरी घेतो, ते सोयीस्कर विसरलास. कडेच्या ताणाचं म्हणशील, तर डोळा कडेकडे रोखून कोण बघतं? नजरेचा तीक्ष्ण भाग दोनेक अंशांचा. कडेला फक्त ‘काहीतरी हललं’ एवढं कळायला हवं, तिथली गाडी जाड की बारीक हे कोण मोजतंय? आणि स्पर्धा खेळणाऱ्यांचं मला सांगू नकोस. ते पडद्यावर काम करायला बसतात, मी रात्री दहानंतर भटकायला बसतो. डोंगराच्या कडेवर घोडा उभा करायचा आणि दरी बघायची. एवढंच. त्या दरीला रुंदी लागते.

शंकेखोर : हे पटलं. खरंच पटलं. भटकणाऱ्याला रुंदी आणि मारेकऱ्याला जाडी. पण मघाशी तुझ्या बोलण्याचा रोख होता, गेममध्ये चौकट माझी. ती तुझी कुठे आहे? दोघे समोरासमोर लढत असतील आणि एकाला १७ अंश जास्त दिसत असतील, तर तो खेळ राहत नाही, म्हणून बनवणाऱ्याने कोन बांधला. म्हणजे जिथे दुसरा खेळाडू आला तिथे चौकट पंचाची झाली. तुझी ती फक्त एकट्याने भटकताना. आणि सिनेमात चौकट दिग्दर्शकाची हे तू मान्य केलंस, तर मग काळ्या पट्टीवर राग कशाला? ती त्याची चौकट राखणारी कड आहे. त्रास पट्टीचा होत नाही, ती काळी नसल्याचा होतो. साध्या आयपीएस पॅनलवर दिवे मालवले की पट्टी राखाडी उजळते, धुरकटल्यासारखी. ओलेडवर ती खोलीच्या अंधारात विरून जाते, पडदा कुठे संपला ते कळतही नाही. कदाचित तुला रुंदी नकोच आहे. काळा रंग हवा आहे.

हौशी : ओलेडवर रोज त्याच जागी पट्ट्या ठेवल्या तर मधला भाग जास्त झिजतो आणि कडा कोऱ्या राहतात, ही भीती आहेच. आणि मग १६:९वर स्कोपची झीज, २१:९वर मॅचची झीज. तिथेही तोच प्रश्न : कुठला काळोख परवडतो? आडवा की उभा?

शंकेखोर : आता प्रश्न नीट झाला. सकाळपासून आपण भांडत होतो, कोणता आकार चांगला. डायरी काढ.

हौशी : गेल्या महिन्यात? मॅचेस चार, म्हणजे चार पुरत्या आणि बाकीच्यांची शेवटची पाच षटकं. यूट्यूब रोज, जेवताना. सिनेमे तीन, त्यातले दोन स्कोप, आणि एक अर्ध्यावर सोडला. गेम जवळजवळ रोज रात्री, एकट्याने. रविवारी भाऊ आणि त्याचा प्लेस्टेशन.

शंकेखोर : मतं मोजली तर १६:९ निवडून येतो.

हौशी : डोकी मोजून नको. त्या दोन सिनेमांचं मत जड धर, आणि रात्रीच्या गेमचं त्याहून जड.

शंकेखोर : किती जड?

हौशी : ते मला अजून ठरवता येत नाहीये. टेबल तीन फुटी आहे, ३६ इंच. मॉनिटर ३१.४. दोन्ही कडांना मिळून साडेचार इंच उरतात आणि माझा एक स्पीकर पाच इंचांचा आहे. शनिवारी दुकानात येशील का? टेप मी घेतो.

शंकेखोर : येतो. टेपबरोबर पेनड्राइव्हही घे. त्यात एक स्कोप सिनेमा टाक, एक मॅचचा तुकडा, आणि खाली सबटायटल्स छापलेलं काहीतरी. दुकानदाराला सांग, तुमचा डेमोचा धबधबा बंद करा आणि हे लावा. तो धबधबा त्याच पडद्याच्या मापाने कापलेला असतो.